हौद्यातला पोरखेळ

तेल, ताक, हळद आणि लिंबू मुरलेल्या लाल मातीचा वास कोल्हापूरच्या तालमीत पाऊल टाकण्याआधीच अंगाला भिडतो. पहाट मोठ्या पैलवानांची. जोर, बैठका, शड्डू, भिंतीवर उमटणारे घामाचे शिक्के. संध्याकाळ मात्र बारक्यांची असते आणि मला तीच जास्त आवडते. तेव्हा हौद्यात कुस्ती दिसतच नाही, नुसता दंगा दिसतो.

दोन पोरं समोरासमोर उभी. समोरच्याच्या गुडघ्याला हात लावायचा, आपला वाचवायचा. धरायचं नाही, पाडायचं नाही. वस्ताद काठावर बसून असतात. ‘वाक’ म्हणत नाहीत, ‘पाय मागं घे’ म्हणत नाहीत. पण दोन-चारदा गुडघा शिवला गेला की पोरगं आपसूक कमरेत बसतं, पुढचा पाय आखडतो, हात आडवे येतात. पवित्रा तयार! मग ते इतकं वाकायला लागतं की नजर मातीत जाते. तेव्हा वस्ताद नवा नियम काढतात : डोक्याला टपली मारली तरी गुण. झटक्यात माना वर येतात. खरी गंमत त्यानंतरची. एखादी चलाख पोरगी टपलीसाठी हात उचलते, समोरच्याचे दोन्ही हात डोक्याकडे धावतात आणि तिचा दुसरा हात तोवर गुडघ्याला लागलेलाही असतो. ही हूल तिला कुणी शिकवलेली नाही. पुढं एकेरी पट काढताना, म्हणजे समोरच्याचा एक पाय धरून त्याला पाडताना, हीच हूल तिला वाट करून देणार आहे.

मग मातीत गोल आखायचा आणि एकमेकांना रेषेबाहेर काढायचं. सुरुवातीला दांडगं पोरगं सगळ्यांना लोटून देतं. काही दिवसांनी बारक्यांच्या ध्यानात येतं, की रेटा येऊ द्यावा आणि ऐन वेळी बाजूला सरावं. दांडगोबा आपल्याच जोरानं बाहेर जातो. आता दांडगोबालाही विचार करणं भाग पडतं.

मातीवरच्या निकाली कुस्तीत पाठ टेकली की विषय संपला. गादीवर मात्र 9 मीटर व्यासाचं वर्तुळ आहे, बाहेर पाय पडला की समोरच्याला 1 गुण आहे, फ्रीस्टाइलमध्ये मोठ्यांना 3-3 मिनिटांच्या 2 फेऱ्या आहेत आणि 10 गुणांची आघाडी झाली की लढत तिथंच थांबते. शेवटची 20 सेकंदं उरलीत, एका गुणानं पुढं आहोत आणि पाठीमागं कड आहे, अशा वेळी किती डाव येतात याला फारसा अर्थ उरत नाही. या क्षणी काय करायचं, एवढंच महत्त्वाचं. धोबीपछाड घोटावीच लागते, त्याला पर्याय नाही. पण जोडीदार निमूट उभा असताना घोटलेली धोबीपछाड, तो निमूट नसताना कधी मारायची हे सांगत नाही.

इंग्लंडमधल्या डेव्हिड बंकर आणि रॉड थॉर्प यांनी 1982 मध्ये शाळेतल्या खेळांबद्दल असंच काहीसं मांडलं होतं : आधी तंत्र, मग खेळ हा क्रम सोडा, सोपा केलेला खेळ आधी द्या, ‘आता काय करू?’ हा प्रश्न मुलाला पडू द्या, तंत्राची गरज त्याला आपोआप भासेल. काठावरच्या वस्तादांनी ही नावं ऐकली नसतील. त्यांचं काही अडलंही नाही.

अर्थात कुठलाही खेळ चालतो असं नाही. खो-खो माझा फार लाडका, त्यानं पाय हलके होतात आणि दम वाढतो. पण त्यात अंगाला अंग भिडत नाही, समोरच्याचं वजन हाताला कळत नाही. कबड्डी कुस्तीला जवळची. 30 सेकंदांची चढाई, आणि कोपऱ्यातला खेळाडू घोट्याची पकड टाकण्याआधी चढाईवाल्याचा भार कुठल्या पायावर आहे तेवढंच बघत असतो. पट काढणाऱ्यालाही तेच बघायचं असतं.

पैलवान खाशाबा जाधव 1948 ला लंडनच्या ऑलिंपिकमध्ये उतरले तेव्हा मातीत वाढलेल्या या माणसाला गादी नवी होती. तिथं ते सहावे आले आणि 1952 ला हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन परतले. त्यांच्याबद्दल बोलताना जुनी माणसं ताकदीआधी चपळाईचं नाव काढतात, ते उगीच नाही.

हल्ली मात्र दहा वर्षांच्या पोराला स्पर्धेच्या वजनात बसवायला उपाशी ठेवणारे आईबाप दिसतात. वस्तादांनी तासभर खेळ घेतला तर ‘आज शिकवलं काहीच नाही’ अशी तक्रार होते, आणि तक्रारीला कंटाळलेला वस्ताद शेवटी डाव पाठ करून घेऊ लागतो. तेव्हा पोराला तालमीत घातलं असेल तर पहिली दोन वर्षं ‘किती डाव झाले?’ म्हणून वस्तादांच्या मागं लागू नका. घरी आल्यावर आज काय खेळलास, कुणी कसं फसवलं, एवढं पोरालाच विचारा, आणि ते सांगेल ते पुरतं ऐकून घ्या.