मागितले तेवढेच पदरी

आमचा व्यवसाय वकिलीचा. दाव्यात जे मागितले नाही ते निकालात सहसा मिळत नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. मक्याच्या दाण्यानेही नेमका तोच धडा द्यावा, याची आम्हांस मोठी मौज वाटली.

अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात १८९६ साली सिरिल हॉपकिन्स या रसायनज्ञाने पांढऱ्या मक्याची १६३ कणसे तपासली. दाण्यांत तेल सरासरी शेकडा ४.७ भरले. ज्या कणसांत तेल अधिक त्यांचे बी एकीकडे पेरले, ज्यांत उणे त्यांचे दुसरीकडे; पुढल्या हंगामी पुन्हा तीच पारख. १९१९ साली हॉपकिन्स वारले, परंतु मागून आलेल्यांनी हा क्रम सोडला नाही. शंभर पिढ्यांअंती एका वंशात तेल शेकडा २० च्या घरात गेले. दुसऱ्यात ते जवळजवळ नाहीसेच झाले.

शेतकऱ्यांनी हे तेलकट बियाणे डोक्यावर घेतले असेल, असे वाचकांस वाटेल. तसे झाले नाही. मक्याचे तेल बहुतांशी दाण्याच्या कोंबात असते. कोंब मोठा झाला की पिठूळ भाग आटतो. शिवाय तेवढ्याच वजनाचे तेल साठविण्यास रोपाला पिठाच्या दुपटीहून अधिक शक्ती खर्चावी लागते. दाणा लहान राहिला, उत्पन्न घटले. मागणी तेलाची होती. उत्पन्नाची कोणी केलीच नव्हती! आणि शेतकऱ्याचा संसार तर खळ्यावरच्या राशीवर चालतो. म्हणून पुढच्या संशोधकांनी तेल माफक वाढवून उत्पन्नही राखणारे संकरित वाण काढण्याचा मार्ग धरला.

याहून विलक्षण गोष्ट २००८ साली उजेडात आली. दाण्यातील तेल वाढविणाऱ्या एका जनुकाचे रूप संशोधकांना सापडले, आणि ते नवे नसून जुनेच निघाले. ती पूर्वजांची ठेव होती. माणसाने मका आपलासा करून सुधारीत नेला, त्या वाटेवर कमी तेलाचे रूप पुढे आले आणि हे मागे पडले. ते कुठल्याशा वंशात टिकून होते, म्हणूनच हाती लागले.

आमच्या बेळगाव भागातही आता मका उदंड पिकतो आणि तो वजनावर विकला जातो. वजनाची मागणी करणाऱ्यास आम्ही दोष देत नाही. मात्र आज ज्याला गिऱ्हाईक नाही असे जुने बी कोणीतरी मूठभर तरी राखावे, एवढीच आमची विनंती. दाव्यात दुरुस्तीचा अर्ज करता येतो. वाण एकदा नाहीसा झाला, की तो अर्ज कोणापुढे करावयाचा?