सव्वीस रविवार

"मुलांना मराठी सगळं कळतं हो, पण उत्तर इंग्रजीतच देतात." मंडळाच्या कुठल्याही कार्यक्रमाला जा, बटाटेवड्यांच्या रांगेत हे वाक्य कानावर पडतंच. मी शनिवारच्या मराठी वर्गात बरीच वर्षं शिकवलं आहे, त्यामुळे मला ते जरा जास्तच वेळा ऐकावं लागतं. वर्गात मुलं रंग शिकतात, भाज्या शिकतात, गणपतीत आरत्या तोंडपाठ म्हणतात आणि गाडीत बसली की पट्टा लावायच्या आत इंग्रजीवर येतात. यात मुलांचा दोष आहे असं मला वाटत नाही, आणि आईवडिलांचाही नाही. 'वांगं' हा शब्द शिकून झाला, पण तो घेऊन जायचं कुठे?

आमच्या घरी थोरल्या मुलीचं मराठी टिकलं, आणि तेही एका इंग्रजी मालिकेमुळे. हे सांगितलं की लोक हसतात. म्हणून एकदा नीट लिहूनच काढते.

८ मार्च १९८१ या दिवशी बीबीसीच्या रेडिओ फोरवर 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' ही श्रुतिकामालिका सुरू झाली. जे. आर. आर. टॉल्किन यांच्या त्या प्रचंड कादंबरीचं रेडिओ रूपांतर ब्रायन सिबली आणि मायकेल बेकवेल यांनी केलं होतं. अर्ध्या तासाचा एक भाग, असे एकंदर २६ भाग. दर रविवारी दुपारी बारा वाजता नवा भाग लागायचा आणि बुधवारी रात्री साडेदहाला तोच पुन्हा. शेवटचा भाग ३० ऑगस्टला झाला. म्हणजे अर्ध वर्षभर एकच गोष्ट चालली होती.

माझ्या सासूबाई त्याच फेब्रुवारीत पुण्याहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे हॅरोला आल्या होत्या. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. 'थँक्यू' आणि 'नो शुगर' एवढ्यावर त्यांचं शेजारपाजार चालायचं. थोरली तेव्हा नऊ वर्षांची, धाकटा पाच. थोरलीला शाळेतल्या बाईंनी ही मालिका ऐकायला सांगितली होती. पहिल्या रविवारी मी कुकर लावत होते, मुलं टेबलाशी रेडिओला कान लावून बसली होती आणि सासूबाई लसूण सोलत होत्या. भाग संपल्यावर त्यांनी सहज विचारलं, "काय गं, एवढं काय होतं त्यात?"

थोरलीने सुरुवात केली. "आजी, एक जादूची अंगठी असते, ती घातली की माणूस इन्व्हिजिबल होतो."

"म्हणजे काय होतो?"

आता आली का पंचाईत! पोरीने डोळ्यांवर हात ठेवला, टेबलाखाली लपून दाखवलं. सासूबाई म्हणाल्या, "अस्सं! दिसेनासा होतो." पुढच्या वाक्यात पोरीने तो शब्द वापरलासुद्धा. मी मध्ये पडून भाषांतर करणार होते, पण कुकरची शिट्टी झाली आणि मी राहिले. राहिले ते बरं झालं.

तेव्हापासून तो नेमच पडला. बारा ते साडेबारा रेडिओ, साडेबारा ते जेवणं होईपर्यंत आजीला गोष्ट. ज्यांना ही गोष्ट ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. 'मिडल-अर्थ' नावाचं एक वेगळंच जग आहे. तिथे माणसं आहेत, चिरंजीव एल्फ आहेत, खाणी खणणारे बुटके आहेत आणि हॉबिट नावाची छोटी, केसाळ पावलांची, खाण्यापिण्याची आवड असलेली साधी मंडळी आहेत. एका दुष्ट सत्ताधीशाने घडवलेली अंगठी फ्रोडो या हॉबिटाकडे येते. ती जिथे घडवली त्याच ज्वालामुखीत नेऊन टाकायची, एवढंच काम. अडचण अशी की जो ती जवळ बाळगतो त्याच्याच मनाचा ती ताबा घेते.

हॉबिटांचं वर्णन ऐकून सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे वालखिल्यांपेक्षा जरा मोठे." गँडाल्फ हा जादूगार त्यांना आमच्या पुण्याच्या देवळातल्या कीर्तनकार बुवांसारखा वाटला. अंगठीचा तो ताबा घेण्याचा प्रकार थोरलीला काही केल्या सांगता येईना. "त्याला ती द्यायची असते पण द्यायची नसते," एवढंच ती म्हणत राहिली. सासूबाईंनी तिला शब्द दिला, 'मोह'. नऊ वर्षांच्या मुलीला हा शब्द कुठल्या पाठ्यपुस्तकातून मी शिकवणार होते?

हे सगळं रेडिओवर होतं हे महत्त्वाचं. चित्र नव्हतंच. इयन होमचा फ्रोडो, मायकेल हॉर्डर्नचा गँडाल्फ, पीटर वुडथॉर्पचा गॉलम. या सगळ्यांचे फक्त आवाज. गॉलम घशातून जो आवाज काढायचा तो धाकट्याने असा उचलला की महिनाभर दूध पिताना तोच चालू होता! बाकी डोंगर, बुरूज, जंगल सगळं ज्याचं त्याने उभं करायचं. थोरलीने ऐकून एक जग उभं केलं आणि सासूबाईंनी तिच्या तोडक्यामोडक्या मराठीवरून दुसरं. सासूबाईंच्या जगात गँडाल्फच्या खांद्यावर उपरणं होतं. २००१ साली पीटर जॅक्सनचा सिनेमा आला तेव्हा थोरली नोकरीला लागलेली होती. थिएटरातून बाहेर पडल्यावर मला म्हणाली, "छान होता, पण गँडाल्फ चुकलाय. उपरणं कुठे आहे?" त्याच सिनेमात इयन होम म्हातारा बिल्बो झाला होता. तो बोलला की हिला रेडिओवरचा फ्रोडो आठवायचा.

मोरियाच्या खाणीतला प्रसंग झाला त्या रविवारी तर जेवणं दोन वाजेपर्यंत लांबली. मागून राक्षस येतोय, पुढे अरुंद पूल, आणि बाकीच्यांना निसटता यावं म्हणून गँडाल्फ एकटा पुलावर उभा राहतो आणि दरीत कोसळतो. थोरली रडवेली होऊन सांगत होती. सासूबाईंचं लसूण सोलणं थांबलं. "अगं, हा तर बाजीप्रभू!" आणि मग त्यांनी १६६० सालची पन्हाळ्याची रात्र सांगितली. सिद्दी जौहरचा वेढा, पाऊस, घोडखिंड, विशाळगडाच्या तोफा. 'वेढा', 'खिंड', 'तोफ' हे शब्द त्या दिवशी आमच्या टेबलावर आले ते कायमचे राहिले. पुढे हेल्म्स डीपची लढाई आली तेव्हा थोरलीला शब्द शोधावे लागले नाहीत.

सासूबाईंना आठवडाभर थांबायची सवय होती. १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीच्या दिवशी, पुणे आकाशवाणीवरून 'गीतरामायण' सुरू झालं. गदिमांचे शब्द, बाबूजींच्या चाली, दर आठवड्याला एक याप्रमाणे वर्षभरात छप्पन्न गाणी. त्यांच्या वाड्यात एकच रेडिओ होता आणि सगळा वाडा त्याभोवती जमायचा. रामाची गोष्ट प्रत्येकाला पाठ होती, तरी पुढच्या आठवड्यात काय येणार याची चर्चा नळावर चालायची, असं त्या सांगत. योगायोग असा की त्याच वर्षी नोव्हेंबरात बीबीसीने 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' पहिल्यांदा रेडिओवर आणलं होतं. ते बारा भाग टॉल्किनना मुळीच पसंत पडले नव्हते. सुदैवाने आमच्या वाट्याला १९८१ चे आले.

टॉल्किनबद्दल पुढे वाचताना एक गोष्ट कळली, ती मी मराठी वर्गाच्या पालकांना नेहमी सांगते. हा माणूस ऑक्सफर्डमध्ये भाषेचा प्राध्यापक होता. त्याने आधी भाषा रचल्या, एल्फ लोकांच्या, व्याकरण आणि शब्दांच्या व्युत्पत्तीसकट. पण नुसत्या भाषेला राहायला घर नाही, ती बोलणारी माणसं, त्यांचा इतिहास, त्यांची भांडणं हवीत, म्हणून त्याने ते जग रचलं. गोष्टी भाषेसाठी जन्मल्या. आपण इथे उलट्या बाजूने तिथेच अडकलो आहोत. आपल्याकडे भाषा आहे, घडवलेली, समृद्ध, पण मुलांच्या लेखी तिला जग नाही. पुणं, नगर, रत्नागिरी ही त्यांच्यासाठी तीन वर्षांतून एकदा दिसणारी गावं. त्या सहा महिन्यांत आमच्या स्वयंपाकघरात थोरलीच्या मराठीला एक जग मिळालं. ते इंग्रजांच्या कल्पनेतलं होतं याने काही बिघडलं नाही.

आता धाकट्याचं. तोही त्याच टेबलाशी, तेच भाग, तीच आजी. पण सांगायचं काम ताईचं होतं, तो ऐकायचा. आज त्याला मराठी उत्तम कळतं, नाटकाला येतो, विनोदाला बरोबर जागेवर हसतो आणि उत्तर इंग्रजीत देतो. एका घरातली दोन मुलं, फरक एवढाच. ऐकून भाषा कळते, पण येते ती सांगून. आणि सांगायला समोर असं माणूस लागतं ज्याला खरोखरच माहीत नाही. थोरली 'मराठीचा सराव' करत नव्हती. ती सांगणार नसती तर आजीला पुढचं कळणारच नव्हतं. सासूबाईंना इंग्रजी येत नव्हतं हे आमचं नशीब.

सासूबाई ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात परत गेल्या. चार भाग राहिले होते, अंगठीचा निकाल लागायचा होता. विमानतळावर त्यांनी नातीला बजावलं, "मला अर्ध्यात सोडू नकोस." मग थोरलीने ३० ऑगस्टनंतर साठ मिनिटांची एक कॅसेट भरली, चारही भागांची गोष्ट मराठीतून, मध्येमध्ये राक्षसांच्या आरोळ्यांसह. पुण्याला जाणाऱ्या एका ओळखीच्यांबरोबर ती पाठवली. दोन महिन्यांनी तशीच एक कॅसेट उलट आली. सासूबाईंनी शेवट दोनदा ऐकला होता. त्यात असं होतं की अगदी कड्यावर पोचल्यावर फ्रोडोला अंगठी टाकवत नाही. गॉलम त्याचं बोट तोडून ती घेतो आणि तिच्यासकट आगीत पडतो. कॅसेटवर थोडा वेळ नुसती पंख्याची घरघर आहे आणि मग त्यांचा आवाज: "म्हणजे शेवटी त्याच्या हातून सुटली नाहीच म्हण. असंच असतं गं."

आता थोरलीचा मुलगा सोळा वर्षांचा आहे. त्याच्या कानात सदानकदा ते बोंडूक असतं. मी विचारलं तर म्हणाला, 'वेलकम टु नाइट व्हेल'. जोसेफ फिंक आणि जेफ्री क्रॅनर या दोघांनी जून २०१२ मध्ये ही अमेरिकन मालिका सुरू केली. वाळवंटातलं एक काल्पनिक गाव, आणि तिथल्या स्थानिक रेडिओचा निवेदक सेसिल शांतपणे बातम्या देतोय: कुत्र्यांच्या बागेत कुत्र्यांना मनाई आहे, गावावर आलेल्या चमकत्या ढगातून मेलेले प्राणी पडताहेत. मी दोन भाग ऐकले. हसू आलं आणि थोडी भीतीही वाटली. म्हणजे श्रुतिकामालिका संपलेली नाही. फरक असा की नातू एकटा ऐकतो, आणि हवे तितके भाग एका दमात ऐकतो. मध्ये आठवडा नाही, आणि सांगायला कोणी नाही.

मी म्हटलं, मला सांग ना मराठीतून. त्याने प्रेमाने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आजी, तुला इंग्रजी येतं की." बरोबरच होतं त्याचं. खोटी गरज मुलांना लगेच कळते.

मग मला पुण्याच्या माझ्या नणंदबाई आठवल्या. वय चौऱ्याऐंशी, शिक्षण सातवीपर्यंत, डोक्याने तल्लख. आता दर रविवारी फोनवर व्हिडिओ लावून नातू त्यांना एक भाग सांगतो. त्याचं मराठी काही फार ग्रेट नाही. 'ढग' पुल्लिंगी की नपुंसकलिंगी यावर अजून गडबड आहे. पण तो ढग पुढे गावच्या शाळेच्या कमिटीवर जातो हे सांगितलं तेव्हा नणंदबाई म्हणाल्या, "त्यात काय, आमच्याकडे पण असले आहेत!" आणि नातू इतका हसला की खालून त्याची आई बघायला आली. परीक्षेमुळे एक रविवार चुकला तर सोमवारी सकाळी त्यांचा मला फोन: ढगाचं काय झालं?

ज्यांना इंग्रजी येत नाही अशी माणसं आपल्या प्रत्येकाच्या घरी होती. आता फार थोडी उरली आहेत, आणि नव्या पिढीत तिकडेही होणार नाहीत. कुणाची मावशी, कुणाची आत्या, कुणाची आजी अजून असेल, तर मुलाला तिच्यासमोर बसवा. गोष्ट मराठीच हवी असा हट्ट नको. राक्षसांची, अंतराळाची, कसलीही चालेल, फक्त ती आठवड्याला एकच भाग असावी आणि तिला आधी माहीत नसावी. उन्हाळ्यात इथल्या सकाळी अकराला तिकडे दुपारचे साडेतीन होतात. हिवाळ्यात साडेचार. जेवणानंतरची झोप झालेली असते आणि चहा व्हायचा असतो. तेवढी वेळ साधावी.