पाटीवर काय लिहावे?

आमच्या घरात स्वतःची पेढी घालणे ही नवलाची गोष्ट नाही. सासऱ्यांची सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत आहे, त्यांच्या वडिलांनीही तोच व्यवसाय केला. त्यामुळे रुग्णालयातील अकरा वर्षांची नोकरी सोडून स्वतंत्र मानसोपचार केंद्र काढावे काय, असा विचार मी बोलून दाखवला तेव्हा घरात कोणी दचकले नाही. अण्णांनी, म्हणजे सासऱ्यांनी, एवढेच विचारले, “तिथं न मिळणारं असं तू काय देणार?” या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात माझे चार महिने गेले.

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. पुष्कळांना मनोविकारतज्ज्ञ आणि आम्ही यांतला फरक ठाऊक नसतो. मनोविकारतज्ज्ञ वैद्यकीय पदवीधर असतात आणि औषधे देतात. आम्ही औषधे देत नाही. मानसशास्त्रीय चाचण्या करतो आणि संवादाच्या, सरावाच्या मार्गाने उपचार करतो. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. आमचे मुख्य साधन वेळ हे आहे, आणि रुग्णालयात नेमकी त्याचीच टंचाई असते. बाहेर बाकावर तीस माणसे बसलेली असताना आतल्या माणसाला वीस मिनिटांहून अधिक देता येत नाही.

एक उदाहरण सांगते; ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. एक गृहिणी दिवसातून साठ-सत्तर वेळा हात धूत असत. घरच्यांना वर्षानुवर्षे तो आजार वाटलाच नाही. उलट, सून फार स्वच्छ आहे असे कौतुक होई. ज्या घरांत स्वयंपाकाची, भांड्यांची, पाण्याची शुद्धता कसोशीने पाळली जाते, तिथे ही आवड कुठे संपली आणि मंत्रचळ कुठे सुरू झाला हे कळणे खरोखरच अवघड असते. मला लागलेली एक खूण अशी की, आवडीने केलेल्या कामानंतर समाधान येते. इथे समाधान येतच नाही, फक्त थोडा वेळ भीती दबते.

या आजारावरचा एक परिणामकारक उपचार ऐकायला सोपा आहे. ज्याची भीती वाटते त्याला हात लावायचा, समजा दाराच्या कडीला, आणि मग हात धुवायचे नाहीत. बसून राहायचे. भीती चढते, छाती धडधडते, घाम येतो. आणि न धुताही ती हळूहळू उतरू लागते. ‘धुतले नाही तरी मी निभावले’ हा अनुभव शरीराला पुन्हा पुन्हा मिळाला की पकड सैल होते. पण हे वीस मिनिटांत होत नाही. अनेकदा तास, दीड तास लागतो. भीती ऐन शिगेला असताना “आता पुढच्या मंगळवारी या” म्हणून उठवले, तर बाई बाहेरच्या नळाकडे धावतात आणि धुण्यानेच सुटका होते हा जुना धडा आणखी पक्का होतो. अण्णांच्या प्रश्नाचे माझे उत्तर हेच होते: मी दीड तास देणार.

मग त्यांनी वही काढली. एका सत्राचे ८०० रुपये, आठवड्याला २० सत्रे, म्हणजे महिन्याला ६४ हजार. त्यातून खोलीचे भाडे १२ हजार, मदतनीस ९ हजार, चाचण्यांचे साहित्य ५ हजार, वीज-फोन-सफाई ४ हजार आणि पर्यवेक्षणाचे ४ हजार. या शेवटच्या रकमेवर अण्णा अडले. शिकून झाल्यावरही कोणाला पैसे देऊन विचारायचे? मी सांगितले की, आमच्या कामात एकट्याने बसणाऱ्याला आपल्याच डोळ्यांतले कुसळ दिसत नाही. पंधरवड्यातून एकदा ज्येष्ठ व्यक्तीपुढे आपले काम मांडावे लागते. त्यांनी आकडा लिहिला. ३४ हजार वजा जाता ३० हजार उरत होते, आताच्या पगाराहून कमी. “आणि विसातले पंधराच आले तर?” उत्पन्न ४८ हजारांवर येते, खर्च एक रुपयानेही कमी होत नाही, हाती १४ हजार. आमच्याकडे वेळ ठरवून न येणारी माणसे पुष्कळ असतात. मरगळलेल्या माणसाला अंथरुणातून उठणेच जमत नाही, हा तर त्याच्या आजाराचाच भाग.

पैशांपेक्षा मला अधिक टोचत होते ते वेगळेच. आमचे रुग्णालय विश्वस्त संस्थेचे आहे. राज्यातील अशा धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. बाह्यरुग्ण विभागातही आमचे शुल्क अल्प आहे. जतहून एसटीने येणारा माणूस माझ्या खोलीचे ८०० रुपये देणार नाही. निम्हान्सच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार निरनिराळ्या मनोविकारांत ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचत नाहीत. त्या मोठ्या रांगेतून ऐपतदारांना निवडून मी निघून जाणार, असे त्याचे रूप मला दिसत होते. “गरजूंना सूट देईन” असे मी म्हटले, तर अण्णा म्हणाले, “दया आली की सूट, असं नको. पेढीवर धर्मादाय खातं वेगळं असतं आणि ते आधी ठरतं.” सल्ला हळदीच्या व्यापाऱ्याचा होता, पण तो आमच्या शास्त्रालाही धरून आहे. प्रत्येकाची करुण कहाणी ऐकून शुल्क ठरवू लागलो तर समोरच्याला कहाणी अधिक करुण करावी लागते. आठवड्यातील चार सत्रे २०० रुपयांची, हे आम्ही वहीत सुरुवातीलाच लिहिले. त्याने महिन्याचे ९,६०० रुपये कमी होतात, तेही लिहिले.

राहिला प्रश्न जागेचा आणि पाटीचा. शहर लहान, समाज त्याहून लहान. घरात लग्नाची मुलगी असेल तर भावाचा उपचारही लपवला जातो. स्थळ परत जाईल ही भीती काल्पनिक नाही, मी तसे घडताना पाहिले आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम २३ ने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. त्याला मर्यादा आहेत: कोणाच्या जिवाला धोका असेल तर, आणि बालकावरील लैंगिक अत्याचार कळला तर पॉक्सो कायद्याने कळवणे बंधनकारकच आहे. हे मी पहिल्या भेटीतच सांगते. पण कायदा माझे तोंड बंद ठेवू शकतो, जिन्यावर भेटणाऱ्या शेजारणीचे नाही.

म्हणून सांगलीतील नातलगांच्या गल्लीतली, फुकट मिळणारी खोली मी नाकारली आणि मिरजेत पाहू लागले. डॉ. वॉनलेस यांनी १८९४ मध्ये तेथे मिशन रुग्णालय सुरू केले. तेव्हापासून महाराष्ट्र-कर्नाटकातील माणसे मिरजेला औषधपाण्यासाठीच येतात. तेथे जाताना दिसलेल्याला कोणी कारण विचारीत नाही, आणि विचारलेच तर गुडघा, डोळे, दात यांपैकी काहीही सांगता येते. मिळालेली खोली दंतवैद्यांच्या शेजारी आहे. दोन सत्रांमध्ये पंधरा मिनिटांची मोकळी जागा ठेवायची, म्हणजे जाणारा आणि येणारा समोरासमोर यायचे नाहीत. लग्नकार्यात रुग्ण भेटले तर आपण होऊन ओळख दाखवायची नाही. घरच्यांवर आणि निकटच्या आप्तांवर उपचार करायचे नाहीत, दुसरीकडे पाठवायचे. यामुळे काही जण रुसतील.

एका सहकारिणीने आक्षेप घेतला की, असे लपवून लपवून आपण लाज वाढवतो; पाटीवर ठसठशीत ‘मानसोपचार’ लिहावे. तिचे म्हणणे मला पटते, परंतु समाज सुधारण्याचे ओझे आजाराने आधीच थकलेल्या माणसाने वाहावे हे पटत नाही. ते काम मी व्याख्यानात करीन, लेखात करीन. पाटीवर माझे नाव, पदवी आणि नोंदणी क्रमांक एवढेच असेल.

नोकरी मात्र पूर्ण सोडलेली नाही. जीव द्यावासा वाटणारा माणूस समोर असताना शेजारच्या खोलीत मनोविकारतज्ज्ञ आणि दारात परिचारिका असणे म्हणजे काय, हे अकरा वर्षांत मला कळले आहे. मिरजेच्या खोलीसाठी दोन मनोविकारतज्ज्ञांशी तसे बोलणे करून ठेवले आहे. मंगळवार आणि शुक्रवार मी रुग्णालयातच असेन. तेथील एकही रुग्ण माझ्या खोलीकडे वळवायचा नाही, असे व्यवस्थापनाला लिहून दिले. बदल्यात एक मागणी केली आणि थोड्या कुरकुरीनंतर ती मान्य झाली: मंगळवारी दुपारी दोन ते साडेतीन बाकावर कोणाला बसवायचे नाही. ती वेळ हात धुणाऱ्या त्या बाईंची आहे.