योजना शाळेची, भाषा कुणाची?

आमच्या सौंसरकडे शाळेचे नवे वर्ष १ एप्रिलला सुरू होते. पलीकडे सावनेर-नागपूरच्या नातेवाइकांची मुले तेव्हा अजून जुन्याच वर्गात असतात, आणि इकडची पोरे नवी पुस्तके घेऊन पुढच्या वर्गात जाऊन बसलेली असतात. महिनाभर शाळा भरते, मे सुटीत जातो आणि जूनच्या मध्यावर पुन्हा घंटा वाजते. विदर्भातल्या शाळांना मात्र जूनचा शेवट उजाडतो. त्यामुळे उन्हाळ्यातल्या लग्नांत जमलेल्या मावसभावंडांमध्ये 'तू कितवीत?' या साध्या प्रश्नावरही भांडण लागते! असो.

यंदा एप्रिलमध्ये तालुक्यातल्या एका खेड्याच्या सरकारी प्राथमिक शाळेत पालकांची बैठक होती. मी महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवते, म्हणून मुख्याध्यापकांनी मलाही आग्रहाने बोलावले. गावाचे नाव मुद्दामच देत नाही, कारण जे तिथे पाहिले ते आपल्या भागातल्या बहुतेक शाळांत दिसेल.

व्हरांड्यात दरी अंथरली होती. बायका जास्त, पुरुष थोडे. गुरुजींनी आधी वर्षाच्या बातम्या सांगितल्या. पहिलीत नवी मुले किती आली, गणवेश कधी मिळणार, समग्र आयडी आणि आधारमधले नाव कुणाकुणाचे जुळत नाही. आता नाव जुळणार कसे? घरी ती मंगळा, कागदावर मंगला. घरी काळे, कागदावर काले. हिंदीच्या वर्णमालेत 'ळ' नाही, तेव्हा कारकून तरी काय करणार? आपल्या जाम सावळीच्या मारुतीचा 'ळ'सुद्धा तिथल्या पाट्यांवर 'ल' होऊन बसला आहे.

मग शाळा विकास योजना वाचायला घेतली. पाण्याची टाकी, संडासाचे दार, कुंपण, वाचनाचा कोपरा, उपस्थिती वाढवणे, 'कमजोर बच्चों पर विशेष ध्यान'. सगळे शुद्ध हिंदीत. सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि सह्या-अंगठ्यांसाठी रजिस्टर फिरू लागले.

इथे मला थोडे कायद्याचे बोलू द्या. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यानुसार सरकारी शाळेची प्रबंधन समिती निम्मीशिम्मी नव्हे, तीन-चतुर्थांश पालकांची असते. त्यात निम्म्या जागा स्त्रियांच्या. शाळेची विकास योजना तयार करायची ती या समितीने, आणि सरकारने अनुदानाचा विचार करायचा तो त्या योजनेच्या आधारावर. म्हणजे त्या दरीवर बसलेल्या बायका केवळ बातम्या ऐकायला आलेल्या नव्हत्या, त्या योजनेच्या मालकीण होत्या. पण मालकिणीला कागदच कळला नाही तर? या कायद्याच्या हिंदी नावातच 'निःशुल्क और अनिवार्य बाल शिक्षा' हे शब्द आहेत. आपल्या मराठी कानाला ती फुकट आणि सक्तीची शिक्षाच वाटते! हा विनोद आमच्या वर्गात दरवर्षी होतो आणि दरवर्षी पोरे हसतात.

रजिस्टर एका आजीबाईंपाशी येऊन थांबले. अंगठा देण्याआधी त्यांनी विचारले, "गुरुजी, माहा नातू घरी दिवसभर बडबड करते, सांजच्याले बकऱ्या मोजून आणते. तुमच्या कागदावर थो कमजोर कसा झाला जी?"

गुरुजी घाट चढून छिंदवाड्याकडचे. माणूस सरळ. त्यांनी कपाटातून चाचणीचा कागद काढला आणि नातवालाच समोर बोलावले. सशाचे चित्र दाखवले. पोरगा म्हणाला, "ससा." कांद्याचे दाखवले, "कांदा." बकऱ्या किती, तर "बावीस". कागदावर अपेक्षित होते खरगोश, प्याज आणि बाईस. चाचणीच्या दिवशी तर तो काहीच बोलला नव्हता, कारण आपला शब्द इथे चालत नाही हे पहिल्या आठ दिवसांत त्याला उमगले होते. दरीवर क्षणभर कुणी बोलले नाही. मग गुरुजीच म्हणाले, "इसको तो सब आता है."

मला माझे विद्यार्थी आठवले. पहिल्या वर्षाला येतात, हुशार असतात, पण उत्तर द्यायला उभे राहिले की अर्धा मिनिट गप्प. तेवढ्यात मराठीतले हिंदीत करणे चाललेले असते. एका मुलाने सांगितले होते, 'मॅडम, पहिलीत सहा महिने मी फक्त "जी सर" म्हणत होतो.' गप्प बसण्याची ही सवय पहिलीत लागते आणि पदवीपर्यंत पुरते. अशी किती पोरे पाचवी-आठवीतच गळाली, त्यांना मी कुठे भेटणार?

हा प्रश्न आजचा नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली, विदर्भाचे आठ जिल्हे तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले, नागपूरची राजधानी संपली, आणि सौंसर-पांढुर्णा मध्य प्रदेशातच राहिले. अशा मागे राहिलेल्यांचा विचार संविधानाने त्याच वर्षी केला होता. सातव्या दुरुस्तीने अनुच्छेद ३५० क आला. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची पुरेशी सोय राज्याने करण्याचा प्रयत्न करावा, असे तो सांगतो. शिक्षण हक्क कायदाही शक्यतो मातृभाषाच म्हणतो, आणि २०२० चे शैक्षणिक धोरण निदान पाचवीपर्यंत तेच म्हणते. ऑक्टोबर २०२३ मध्ये आपला पांढुर्णा जिल्हा वेगळा झाला. कलेक्टर कचेरी जवळ आली, पण 'ससा' अजून दूरच आहे.

गैरसमज नको. मी हिंदीच्या विरोधात नाही. माझी भाकरी हिंदीतच भाजली जाते. मुलांना हिंदी उत्तम आलीच पाहिजे. पण हिंदीपर्यंतची वाट मराठीतून जाते, हे मान्य करायला पैसा लागत नाही. शिवाय आपल्याकडे मोठी सोय आहे: लिपी एकच. जो 'कमल' वाचतो, तो 'कमळ' एका अक्षराच्या फरकाने वाचतो. २०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत योजनेने २०२६-२७ पर्यंत तिसरीच्या प्रत्येक मुलाला वाचता यावे आणि हिशेब यावा, असे ठरवले. आमच्या पोरांना ते गाठायचे असेल तर आधी त्यांचे बोलणे वर्गात घ्यावे लागेल.

आजीबाईंमुळे बाकीच्यांनाही कंठ फुटला. उपस्थितीच्या मुद्द्याखाली 'पालकों को जागरूक करना' असे लिहिले होते. एक तरुण आई म्हणाली, "जागरूक त आमी हाओच जी. दिवाळीनंतर मी कापूस वेचाले जातो, मंग लहान्याले कोनापाशी ठेवू? म्हणून मोठी घरी राह्यते." यावर भाषण देण्यासारखे काही नव्हते. वेचणीच्या दिवसांत शेजारच्या अंगणवाडीत धाकट्यांना थोडे जास्त वेळ ठेवता येईल का, हे ताईंना विचारायचे ठरले. एवढे साधे उत्तर योजनेत आधी का नव्हते? कारण ती ज्यांनी लिहिली त्यांच्यापैकी कुणी कापूस वेचायला जात नव्हते.

शेवटी योजनेत दोन ओळी वाढल्या. पहिली-दुसरीसाठी घरचे शब्द आणि शाळेचे शब्द शेजारी-शेजारी लिहिलेला तक्ता भिंतीवर लावायचा. शब्द आयाबायांनी सांगायचे, गुरुजींनी लिहायचे. आणि चाचणीत मुलाने मराठीत दिलेले उत्तर वेगळ्या रकान्यात 'बरोबर' म्हणून नोंदवायचे. वरच्या कचेरीच्या नमुन्यात असा रकाना नाही, हे गुरुजींनी सांगितले. मग त्यांनीच पट्टी घेऊन पेन्सिलीने तो आखला.

संडासाच्या दारासाठी अर्ज गेला आहे. तक्त्यावर जूनपर्यंत चाळीसेक शब्द झाले, त्यात भाज्या आणि जनावरेच जास्त आहेत. 'ळ' मात्र गुरुजी अजून जपून काढतात. पुढची बैठक पेरण्या आटोपल्यावर, संध्याकाळी ठेवली आहे. त्या दिवशी योजनेचा कागद मराठीत वाचायचे काम माझ्याकडे आले आहे, आणि आजीबाईंनी बजावले आहे की अंगठा वाचन संपल्यावरच मिळेल.