मस्ट, शाल आणि मंडळी

१६०३ साल. पहिली एलिझाबेथ अखेरच्या आजारात अंथरुणाला पाठ टेकायला तयार नव्हती. मंत्री रॉबर्ट सेसिल म्हणाला, लोकांच्या समाधानासाठी तरी महाराणींनी झोपायला 'मस्ट' जावं. राणीनं त्याला तिथंच झापलं : राजेरजवाड्यांशी बोलताना हा शब्द वापरायचा नसतो! गोष्ट अशी सांगतात. सक्तीच्या शब्दाला अर्थाआधी अधिकार लागतो, हे तिला मरणाच्या दारातही पक्कं ठाऊक होतं.

*

'मस्ट'ला भूतकाळ नाही. कारण तो स्वतःच एका जुन्या क्रियापदाचा भूतकाळ आहे, वर्तमानात येऊन बसलेला. काल जाणं भाग होतं असं सांगायचं, तर 'हॅड टू'कडे जावं लागतं.

*

'ऑट' हा मुळात 'ओ'चा, म्हणजे देणेकरी असण्याच्या क्रियापदाचा भूतकाळ. 'शाल'चं मूळही देणं लागण्यातच. जर्मनमधला त्याचा भाऊबंद 'शुल्ड' आजही कर्ज आणि अपराध, दोन्हींसाठी चालतो. आपणही समाजाचं देणं 'लागतो', आणि आपल्याला जावं 'लागतं'. फक्त इंग्रजीत सक्ती झाली तरी 'आय'चा कर्तेपणा शाबूत राहतो. मराठीत 'मी'चा लगेच 'मला' होतो. मला मराठी जास्त प्रामाणिक वाटते.

*

'मस्ट' आणि 'हॅव टू' एकच, असं शाळेत सांगतात. होकारात ते खपून जातं, नकारात अंगाशी येतं. 'यू डोन्ट हॅव टू कम' म्हणजे नाही आलात तरी चालेल. 'यू मस्ट नॉट कम' म्हणजे यायचं नाही! पहिल्यात नकार सक्तीला लागतो, दुसऱ्यात येण्याला. पाहुण्याला प्रेमानं 'काही आणायला नको हं' म्हणायचं असतं आणि तोंडातून 'यू मस्ट नॉट ब्रिंग एनीथिंग' निघतं. पाहुणा बिचारा मिठाईचा पुडा लपवत उभा.

*

यजमानीणबाई 'यू मस्ट हॅव सम केक' म्हणाल्या तर तो आग्रह. 'यू मे' म्हणाल्या तर जणू परवानगी दिली. रॉबिन लेकॉफ या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी १९७२मध्ये हे दाखवून दिलं : फायदा ऐकणाऱ्याचा असेल, तर शब्द जितका सक्तीचा तितका सभ्य. पंगतीत वाढणाऱ्याला हे सांगावं लागत नाही.

*

कायद्यातला 'शाल' हा खरा बेभरवशाचा गडी. आपल्या राज्यघटनेचं कलम ३२० : सरकारी नोकरावर शिस्तभंगाची कारवाई करताना लोकसेवा आयोगाचा सल्ला 'शाल' घेतला जावा. वाचणाऱ्याला वाटतं, संपला विषय. पण मनबोधन लाल श्रीवास्तव खटल्यात १९५७मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं, की हा 'शाल' मॅन्डेटरी नाही, डिरेक्टरी आहे. सल्ला घेतला नाही म्हणून कारवाई रद्द होत नाही.

अमेरिकेतलं कॅसल रॉकचं प्रकरण वाचून मात्र पोटात कालवतं. मनाई हुकूम मोडणाऱ्याला पोलिसांनी 'शाल' अटक करावी, ते जमण्यासारखं नसेल तर वॉरंट मागावं, असं कोलोरॅडोचा कायदा सांगत होता. १९९९मध्ये असा हुकूम असतानाही जेसिका गोन्झालेस यांच्या विभक्त नवऱ्यानं तिन्ही मुलींना नेलं. जेसिका रात्रभर पोलिसांच्या मागे लागल्या होत्या. मुली मारल्या गेल्या. २००५मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सात विरुद्ध दोन मतांनी सांगितलं, की अटक करायची की नाही हे पोलिसांनी ठरवायची परंपरा जुनी आहे. नुसत्या 'शाल'मुळे अंमलबजावणीचा हक्क या बाईंना मिळत नाही.

'शाल' काढून 'मस्ट' घाला, असं सोप्या कायदेभाषेचे पुरस्कर्ते म्हणतात. दक्षिण आफ्रिकेच्या १९९६च्या घटनेनं 'मस्ट'च घेतला. अमेरिकेच्या दिवाणी प्रक्रियेच्या नियमांतून २००७मध्ये 'शाल' गेला. वाचायला सोपं झालं, यात शंका नाही. पण कोलोरॅडोच्या कायद्यात 'मस्ट' असता तर त्या रात्री गाडी निघाली असती? मला नाही वाटत.

*

आणि बोलण्यालिहिण्यातून 'मस्ट'च ओसरतोय. जेफ्री लीच यांनी १९६१चे आणि १९९०च्या सुमाराचे छापील मजकूर ताडून पाहिले, तर ब्रिटिश इंग्रजीत तो साधारण तीस टक्क्यांनी घटला होता, अमेरिकनमध्ये त्याहून जास्त. हुकूम सोडणारे कमी झाले असं समजू नये. साहेब आता 'यू माइट वॉन्ट टु' म्हणतो, आणि रविवारी ऑफिसात जावं लागायचं ते लागतंच.

*

इंटरनेटचे तांत्रिक नियम लिहिणाऱ्यांनी १९९७मध्ये या शब्दांच्या व्याख्याच करून टाकल्या. 'मस्ट' म्हणजे निरपवाद. 'शुड' म्हणजे सबळ कारण असेल आणि परिणाम कळत असतील तरच सोडा. पुढे २०१७मध्ये खुलासा आला : शब्द मोठ्या लिपीत असेल तरच हा अर्थ धरायचा. (देवनागरीत मोठी लिपी नाही, आपण 'च' लावतो.) याच मंडळींनी २०१३च्या एक एप्रिलला आणखी एक श्रेणी रीतसर क्रमांक देऊन प्रसिद्ध केली : 'मस्ट, पण तुम्ही पाळणार नाही हे आम्हाला माहीत आहे.'