आवाज जातो, हुकूम जात नाही

अण्णांना नवा टीव्ही दिसतो छान, ऐकू मात्र येत नाही. दोष दोघांचाही आहे. अण्णा, म्हणजे माझे सासरे, अंबरनाथच्या एका कारखान्यात लेथवर उभे राहून निवृत्त झाले; आता ऐंशीच्या घरात आहेत. वय झालं की कान आधी वरच्या पट्टीतलं सोडून देतो, आणि स, श, त, फ ही व्यंजनं नेमकी तिथेच असतात. त्यामुळे कुणीतरी बोलतंय हे कळतं, काय बोलतंय ते कळत नाही. टीव्हीची बाजू अशी की तो भिंतीवर टांगण्याइतका पातळ करायचा तर स्पीकरला जागाच उरत नाही. स्पीकर खाली नाहीतर मागे तोंड करून बसवलेले असतात. बातम्या देणारी बाई आमच्या हॉलच्या भिंतीशी बोलते, आणि भिंत ते अण्णांना सांगते.

"माझा डेक लावा त्याला," अण्णांनी फर्मावलं.

हा डेक म्हणजे नव्वदच्या दशकात उल्हासनगरात बनवून घेतलेला अ‍ॅम्प्लिफायर आणि कमरेएवढे दोन स्पीकर. बदलापूरच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो तेव्हा तो भंगारात द्यायचा विषय निघाला होता आणि त्यावरून अण्णा दोन वेळ जेवले नव्हते. दर्शनी पट्टीवर एका जपानी कंपनीचं नाव आहे, फक्त एक अक्षर बदललेलं. उल्हासनगरच्या मालाची ही रीत आमच्या पट्ट्यात सगळ्यांना ठाऊक. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या लोकांना कल्याणच्या लष्करी छावणीतल्या बराकी मिळाल्या, ८ ऑगस्ट १९४९ ला राजगोपालाचारींनी त्या वसाहतीचं नाव उल्हासनगर ठेवलं, पण पत्त्यात अजून कॅम्प नंबर एक ते पाचच चालतं. हात रिकामे घेऊन आलेल्या त्या माणसांनी जे मागाल ते बनवायला घेतलं. 'मेड इन यूएसए', म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद कल्याण-कर्जत लोकलमध्ये बसणाऱ्या प्रत्येकाने ऐकलेला असतो. अण्णांना तो आवडत नाही. ते डेकचं झाकण काढून आतला ट्रान्सफॉर्मर दाखवतात आणि म्हणतात, "उचलून बघ. हल्लीच्या वस्तूंत वजन कुठे आहे?"

तर डेक लावायचा. डेकला मागे लाल-पांढऱ्या पिनांची ऑक्सची जागा आहे. टीव्हीला तसली जागाच नाही. हेडफोनचं भोकही नाही. ते असतं तर हा लेख लिहावा लागला नसता, कारण हेडफोनच्या वाटेने येणारा आवाज टीव्ही स्वतःच कमी-जास्त करून पाठवतो. डेकची नॉब एकदा अर्ध्यावर ठेवली की पुढचं सगळं टीव्हीच्या रिमोटवर. पण कंपन्यांनी ते भोक काढून टाकायला सुरुवात केली आहे, का ते त्यांनाच माहीत.

उरली ऑप्टिकलची चौकोनी जागा. तोशिबाने १९८३ मध्ये काढलेली ही केबल तारेतून वीज न पाठवता प्रकाश पाठवते. टोकाची टोपी काढली तर आत लाल ठिपका पेटलेला दिसतो. मध्ये एक काडेपेटीएवढा कन्व्हर्टर लागतो, तो त्या प्रकाशाचा पुन्हा साधा आवाज करतो. नवऱ्याने तो मागवला, टीव्हीच्या सेटिंगमध्ये डॉल्बी काढून पीसीएम केलं (नाहीतर स्वस्तातला कन्व्हर्टर एकतर मुका राहतो नाहीतर खरखरतो), आणि डेकमधून बातम्या अशा काही गडगडल्या की खालच्या मजल्यावरून फोन आला.

अण्णा खूश. मग त्यांनी टीव्हीचा रिमोट उचलून आवाज कमी करायचं बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. पडद्यावर चिन्ह आलं, आवाज बाहेरच्या स्पीकरला जातोय म्हणून सांगणारं, आणि गेलं. आवाज जागच्या जागी.

पुढचे काही आठवडे आमच्या घरात नॉबचं राज्य होतं. मालिका हळू, जाहिरात मोठी, मधेच फोन, मधेच आईंची, म्हणजे सासूबाईंची, पोथी. दर वेळी अण्णांनी गुडघ्यावर हात टेकून उठायचं, डेकपर्यंत जायचं, नॉब फिरवायची, परत यायचं, बसेपर्यंत जाहिरात संपलेली. मग त्यांनी उठणं सोडलं आणि हाका मारायला सुरुवात केली. मुलगी दहावीला, तिचं टेबल पलीकडच्या खोलीत. हाक तिलाच, कारण ती एका हाकेत येते. आई म्हणायच्या, "बंदच करा ना तो." अण्णांना हे ऐकू यायचं नाही. अशा वेळी त्यांना ऐकू येत नाही ते वयामुळेच, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही.

सेट टॉप बॉक्सच्या रिमोटनेही आवाज कमी होतो हा शोध मुलीने लावला. बॉक्स टीव्हीला आवाज देतानाच हळू देतो, मग पुढे सगळीकडे तो हळूच जातो. दोन दिवस शांतता होती. पण रात्री अण्णा यूट्यूबवर बाबामहाराज सातारकरांचं कीर्तन लावतात, आणि ते बॉक्समधून येत नाही, टीव्हीच्या आतूनच येतं. तिथे बॉक्सचा रिमोट कशाला चालेल? ब्लूटूथही करून पाहिलं. त्यात रिमोट चालला, पण आवाज ओठांच्या मागून येऊ लागला. अण्णा म्हणाले, "हे डब केलेलं आहे का?"

याच सुमारास नणंदेचा अंबरनाथहून फोन आला. तिने नवा साउंडबार घेतला होता आणि त्यातून टीव्हीचा आवाजच येत नव्हता. रविवारी आम्ही गेलो. तिचा साउंडबार एचडीएमआय केबलने जोडलेला होता, आणि टीव्हीच्या मागे हात घालून मोबाइलच्या उजेडात पाहिलं तर वायर एक नंबरच्या जागेत होती. शेजारच्या जागेवर बारीक अक्षरांत 'एआरसी' लिहिलेलं. वायर तिथे सरकवली, सेटिंगमध्ये जाऊन एक गोष्ट चालू केली, आणि साउंडबार बोलू लागला, वर टीव्हीच्या रिमोटने मुकाट हलूही लागला. आवाज उलट्या वाटेने, टीव्हीकडून स्पीकरकडे, पाठवायची ही सोय एचडीएमआयमध्ये २००९ साली आली. त्या केबलमध्ये एकोणीस पिना असतात आणि तेरा नंबरची पिन फक्त हुकूम पोहोचवते: आवाज वाढव, कमी कर, गप्प बस. याला सीईसी म्हणतात. पण बऱ्याच कंपन्या ते नाव सरळ लिहीत नाहीत. सॅमसंगमध्ये ते 'एनीनेट प्लस', एलजीत 'सिम्पलिंक', सोनीत 'ब्राव्हिया सिंक'. माणसाने शोधायचं तरी काय? लाइट जाऊन आली की हे लग्न कधीकधी मोडतं आणि आवाज पुन्हा टीव्हीतून येऊ लागतो. तेव्हा दोघांच्याही पिना बोर्डातून काढून जरा थांबायचं आणि परत लावायच्या, एवढं नणंदेला लिहून दिलं.

येताना गाडीत नवरा म्हणाला, "आपणही साउंडबार घेऊ." आणि डेकचं काय करायचं, हे अण्णांना सांगायला कोण जाणार?

म्हणून मी उल्हासनगर गाठलं. डेक, म्हणजे नुसता अ‍ॅम्प्लिफायरही, पिशवीत मावणारा नाही. जुन्या चादरीत बांधला, दुपारच्या रिकाम्या लोकलने नेला आणि पुढे शेअर रिक्षात मांडीवर. कॅम्प नंबर दोनमध्ये विचारत विचारत एका गाळ्यात पोहोचले. आत एक काका सोल्डरिंग करत होते. डोळ्याला भिंग, टेबलावर उघडे पडलेले अ‍ॅम्प्लिफायर, आणि जळक्या राळेचा वास. झाकण उघडून त्यांनी आत फुंकर मारली, तीस वर्षांची धूळ माझ्या ओढणीवर आली. "एसटीके," ते आतल्या आयसीकडे बघून म्हणाले, "ओरिजिनल. फेंकना मत." अण्णांना हे ऐकवायला हवं होतं.

मी ऑप्टिकलची सगळी कथा सांगितली. त्यांनी मान हलवली. "दीदी, आवाज जा रही है, ऑर्डर नहीं जा रहा."

मग मला हवा होता तो खुलासा मिळाला. ऑप्टिकलमधून जे जातं ते आवाजाचे आकडे. कधीकधी ते डॉल्बीसारख्या गाठोड्यात बांधलेले असतात, आणि गाठोडं न सोडता आतला आवाज कमी करता येत नाही. म्हणून बहुतेक टीव्ही ऑप्टिकलवर आवाज एकाच पातळीला धरून ठेवतात. कमी-जास्त करणं हे पुढच्या यंत्राचं काम. आणि आमच्या पुढच्या यंत्राला कान होते कुठे? हात घालून फिरवायची नॉब, एवढंच.

काकांनी खणातून एक छोटा बोर्ड काढला. त्यांच्या भाषेत 'रिमोट किट'. त्यावर आठ पायांची एक चिप होती, एम६२४२९, जी आवाज एकेक डेसिबलच्या पायरीने उतरवते; आणि तीन पायांचा काळा मण्याएवढा टीसॉप, रिमोट ऐकणारा. रिमोटच्या तोंडाशी असलेला दिवा आपल्या डोळ्यांना दिसत नाही. काकांनी माझ्या मोबाइलचा पुढचा कॅमेरा सुरू करायला लावला आणि त्यासमोर बटण दाबलं, तर पडद्यावर जांभळट ठिपका लुकलुकला. तो सेकंदाला ३८ हजार वेळा लुकलुकतो, आणि टीसॉप त्या लयीतलंच तेवढं ऐकतो, बाकी उजेड सोडून देतो. चिप त्यांनी ऑक्सची जागा आणि जुनी नॉब यांच्यामध्ये जोडली, दर्शनी पट्टीवर, त्या चुकीच्या अक्षराच्या शेजारी, बारीक भोक पाडून टीसॉप बसवला. किटसोबत पत्त्यांच्या पानाएवढा रिमोट मिळाला.

"म्हणजे तिसरा रिमोट," मी म्हटलं. अण्णांना दोनच जड होतात.

काका हसले. बऱ्याच सेट टॉप बॉक्सच्या रिमोटवर एका चौकटीत काही बटणं असतात, टीव्हीसाठी म्हणून. ती जन्मतः कोरी असतात. दुसऱ्या कुठल्याही रिमोटकडून शिकतात. बहुतेक घरांत ती शिकवलेलीच नसतात. आमचा बॉक्सचा रिमोट मी सोबत नेला नव्हता, म्हणून त्यांनी गाळ्यातल्या एका रिमोटवर करून दाखवलं: सेटचं बटण लाल दिवा लागेपर्यंत दाबून धरायचं, शिकणारं बटण दाबायचं, दोन रिमोट नाकाला नाक लावून टेबलावर ठेवायचे, आणि शिकवणाऱ्याचं बटण दाबायचं. दिवा लुकलुकला की धडा पाठ. त्याला टीव्ही आणि डेक यांतला फरक कळत नाही. समोरून जे लुकलुकलं तेच तो पुन्हा लुकलुकवतो.

रात्री घरी ते केलं. अण्णांच्या हातातल्या त्याच जुन्या रिमोटने चॅनेल बदलला आणि त्याच रिमोटने डेक हळू झाला, कीर्तन लावून पाहिलं, तिथेही झाला. अण्णा बराच वेळ आवाज वर-खाली करत बसले. मग म्हणाले, "एसटीकेबद्दल काय म्हणाला तो, परत सांग."

एक कुरबुर राहिली होती. संध्याकाळी पाचच्या सुमारास रिमोट चालेना. सेल बदलले, काही नाही; साडेसहाला आपोआप चालू. आमची गॅलरी पश्चिमेला आहे, आणि त्या वेळी ऊन थेट डेकच्या तोंडावर येतं. उन्हातही इन्फ्रारेड भरपूर असतं, त्यात टीसॉपला रिमोटचं ऐकू येत नाही. हे दुखणं फार जुनं आहे. अमेरिकेत झेनिथ कंपनीने १९५५ मध्ये उजेडाचा झोत टाकून चालणारा रिमोट काढला, तर ऊन पडल्यावर टीव्ही आपणच चॅनेल बदलायचे. पुढच्याच वर्षी रॉबर्ट अ‍ॅडलर यांचा, कानाला न ऐकू येणाऱ्या आवाजावर चालणारा रिमोट बाजारात आला. मी त्या खिडकीला जाड पडदा लावला.

किटचा तो छोटा रिमोट आता कुणाच्या कामाचा नाही असं म्हणून आईंनी ठेवून घेतला. तोही चालतोच, शिकवल्यावर शिकवणारा विसरत नाही. इन्फ्रारेड भिंतीवरून, काचेवरून उलटतं, त्यामुळे स्वयंपाकघराच्या दारातून शोकेसच्या काचेकडे धरला तरी पुरतं. आई पोथीला बसायच्या आधी तो पदराखालून दोन-तीनदा दाबतात. अण्णा वाढवतात, आई उतरवतात. परवा अण्णा मला बाजूला घेऊन विचारत होते, उल्हासनगरचा माणूस किटची गॅरंटी किती महिन्यांची देतो.