पुस्तकांतील एक ओळ

"इंग्लंडनें १७८८ सालीं ऑस्ट्रेलियांत कैद्यांची वसाहत स्थापन केली," ही ओळ आम्हीं शाळेंत किती वेळां शिकविली असेल, याची गणती नाहीं. मुलें ती पाठ करीत, परीक्षेंत लिहीत आणि आम्ही निःशंकपणें गुण देत असूं. सेवानिवृत्तीनंतर एके सायंकाळीं नातीनें सहज विचारिलें, "आजोबा, त्या कैद्यांत बायकासुद्धां होत्या का हो?" आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. त्या संकोचानें पुस्तकें चाळूं लागलों, तेव्हां मेरी ब्रायंट हिची ओळख झाली.

'काळें पाणी' म्हटलें कीं आपणांस अंदमान आठवतें. तेथें कैद्यांची कायम वसाहत झाली ती १८५८ सालीं. इंग्रजांनीं स्वतःच्या माणसांस ऑस्ट्रेलियाची वाट दाखविली ती त्यापूर्वीं सत्तर वर्षें. अमेरिकेंतील वसाहती हातच्या गेल्यामुळें त्यांस कैदी पाठविण्यास नवी जागा हवी होती.

मेरी ही कॉर्नवॉल प्रांतांतील फोई गांवच्या एका दर्यावर्द्याची मुलगी. दोघी सोबतिणींसह तिनें वाटेंत एका स्त्रीस गांठून तिची रेशमी टोपी व कांहीं चीजवस्तु लुबाडली. १७८६ सालीं तिला फांशीची शिक्षा झाली. पुढें ती सात वर्षांच्या हद्दपारीवर आली. १७८७ सालीं अकरा जहाजांचा तांडा निघाला. त्यांतील 'शार्लट' जहाजावर मेरीस मुलगी झाली व जहाजाचेंच नांव त्या पोरीस मिळालें.

सिडनीस पोंचल्यावर मेरीनें विल्यम ब्रायंट या मासे धरणाऱ्या कैद्याशीं लग्न केलें; इमॅन्युएल हा मुलगा झाला. परंतु वसाहतींत अन्नाची फार टंचाई पडली व शिधा घटत चालला. अखेर २८ मार्च १७९१ च्या रात्रीं नवराबायको, दोन लेंकरें आणि सात कैदी गव्हर्नराची होडी घेऊन निसटले. उघड्या होडींतून ६९ दिवसांत तीन हजारांहून अधिक मैल समुद्र तोडून तीं अकराही माणसें तिमोर बेटावरील कुपांग या डच ठाण्यास जिवंत पोंचलीं!

पण तेथें खरा प्रकार उघडकीस आला व त्यांस एका इंग्रज कप्तानाच्या हवालीं करण्यांत आलें. डिसेंबर १७९१ मध्यें बटेव्हियास प्रथम इमॅन्युएल गेला, मागोमाग नवरा गेला. मे १७९२ मध्यें इंग्लंडच्या वाटेवर शार्लटही गेली. समुद्रावर जन्मलेल्या त्या पोरीस समुद्रांतच निरोप द्यावा लागला. तिचें वय पुरतें पांच वर्षांचेंही नव्हतें.

मेरीनें लूट केली होती, हें आम्ही लपवीत नाहीं. दंड असावाच, पण तो अपराधानुरूप असावा, असें आमचें शास्त्र सांगतें. एका टोपीचें मोल चुकवितांना त्या दोन लेंकरांचा कोणता अपराध होता?

लंडनच्या तुरुंगांत असतां जेम्स बॉस्वेल या प्रख्यात चरित्रकारानें तिच्यासाठीं रदबदली केली. मे १७९३ मध्यें तिला माफी मिळाली. त्यानें तिला सालीना दहा पौंडांची नेमणूकही करून दिली. सिडनीकडे कैदी एका गोड वेलीच्या पानांचा चहा करून पीत. तीं वाळलेलीं पानें एवढ्या संकटांतूनही मेरीनें जपलीं होतीं. त्यांतील कांहीं तिनें बॉस्वेलास दिलीं. तीं आजही सिडनीच्या ग्रंथालयांत आहेत. पानें राहिलीं, लेंकरें राहिलीं नाहींत.

आम्हीं हें सारें नातीस सांगितलें. बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, "आजोबा, शार्लटचें नांव तुमच्या पुस्तकांत कोठें आहे?" तीस वर्षें ज्या ओळीस आम्हीं पुरे गुण दिले, ती ओळ आम्हांस त्या दिवशीं अपुरी वाटली.